लुशियनचा गुरुवार

लंडनमधल्या चेल्सीतल्या त्या घराचं दार केझाया ऑर्मरॉडनं ठोठावलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि तिच्या अंगावर राणी रंगाचा रेशमी झगा होता. तिच्या लेखी जगातला सगळ्यात देखणा रंग तो. तिच्या नवऱ्यानं, ईनॉकनं, परसातल्या कढईत डांबराचा अर्क उकळून उकळून तो काढला होता, त्यापायी दोनदा भुवया जाळून घेतल्या होत्या आणि पुढं त्याच्याच जोरावर लँकेशायरात, ब्रॅकनशॉला, दोनशे माणसांचा कारखाना उभा केला होता. चेल्सीतलं हे घर, त्यातली निळी-पांढरी चिनी भांडी, मोरपिसं, जपानी पंखे, सगळं त्या राणी रंगातूनच आलेलं. पण या घरात ते बोलायची सोय नव्हती.

दार मोलकरणीनं उघडलं.

"जेबेझ आहे का घरात? मी त्याची आई."

"इथं जेबेझ कुणी नाही, बाई. साहेबांचं नाव लुशियन ऑर्मे."

"तोच. बारशाला जेबेझ ठेवलं होतं आम्ही."

मोलकरणीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. "माझंही नाव हॅना आहे. साहेब मला हायसिंथ म्हणतात. हॅना म्हटलं की त्यांना उकडलेल्या कोबीचा वास येतो म्हणे. या, आत या."

लुशियन मखमली जाकीट घालून जिन्यावरून उतरला. पाच वर्षांनी आई दिसत होती. त्याचं तोंड क्षणभर खरंच उजळलं, नाही असं नाही. मग नजर झग्यावर गेली आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"आई, तो झगा."

"रविवारचा आहे माझा. जेब, तुझा बाप चाललाय रे."

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ईनॉकच्या पोटात तीस वर्षांचं रंगातलं विष साचलंय. डॉक्टर म्हणतो, रविवार काही उजाडायचा नाही. तो दर तासाला एकच विचारतो, जेब आला का. पोरानं नाव बदललं तेव्हा ईनॉकनं त्याला पत्रातून नको नको ते लिहिलं होतं. आता त्याला एवढंच सांगायचं होतं की राग नाही. पत्र मेथडिस्ट पाद्र्याकडून लिहून घेतलं असतं, पण ईनॉकचं म्हणणं, शिव्या लिहून दिल्या तर दिल्या, हे तोंडानं सांगायचं.

"दोनची गाडी धरली तर रात्री पोचतो," केझाया म्हणाली. "मी बसायचीसुद्धा नाही. तू नुसती बॅग भर."

लुशियन खिडकीशी गेला. तिथं एका उंच कुंडीत एकच पांढरी लिली होती. तो तिच्याशी बोलल्यासारखा बोलला, "आज गुरुवार आहे, आई."

"बरं मग?"

"गुरुवारी माझ्याकडे माणसं येतात. आज लेडी व्हेनिशिया येतायत. मी माझी नवी कविता वाचणार आहे. त्यांना आवडली तर त्या हातकागदावर छापून घेणार, चामड्याच्या बांधणीत. तीन वर्षं मी या एका दुपारची वाट बघतोय."

"बापापेक्षा का मोठी कविता?"

"असं तोलायचं नसतं. सहाला सगळे जातील. रात्रीची आठची मेल आहे यूस्टन स्टेशनवरून, सकाळी घरी. मी येतो. शब्द देतो."

केझायानं मनातल्या मनात हिशेब केला. आज रात्रीऐवजी उद्या सकाळ. ईनॉक चिवट आहे, एक रात्र काढेल. पोरगं येतो म्हणतंय तर ताणायला नको. आईचं हे असंच असतं. पोरानं अर्धं दिलं तरी ती पदर पसरून घेते आणि उरलेल्या अर्ध्याची लाज तिलाच वाटते.

"फक्त एक कर," लुशियन म्हणाला. "हा झगा बदल."

त्यानं या रंगावर एक निबंधच लिहिला होता आणि तो बराच गाजला होता. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा विटतानाही सुंदर विटतात, डांबरातून निघालेला रंग धडधाकट असताना कानठळ्या बसवतो आणि विटला की ओकारी आणतो, असं त्यात होतं. लेखकाची पैशांची पेटी कुठल्या रंगातून भरते हे त्यात नव्हतं. चेल्सीत तेव्हा असे पुष्कळ निघाले होते. बापानं खिळे, साबण नाहीतर मेणबत्त्या विकून जमवलेलं घ्यायचं आणि त्यावर बसून खिळे, साबण, मेणबत्त्या किती कुरूप ते सांगायचं. त्यांना कुणी खोटारडं म्हणत नसे. नाजूक म्हणत.

हॅनानं आपला राखाडी रंगाचा झगा दिला. तो केझायाला काखेत आवळत होता. बोटांवर नखांच्या मुळाशी जुना रंग मुरलेला होता, तो खरवडून निघणारा नव्हता, म्हणून हातमोजे दिले. डोक्यावर पांढरी टोपी चढली. मग लुशियननं तिला आरशासमोर उभं केलं, टोपी जराशी तिरकी केली आणि समाधानानं मान हलवली.

"आता एकदम सुरेख. जुन्या चित्रातल्यासारखी. आई, कुणी विचारलंच तर तू माझी दाई. लहानपणची."

केझायाला आधी कळलंच नाही. "दाई? आपल्याकडं कुठं होती दाई? तुला पाठीला बांधून मी कढई ढवळत होते."

"तेच म्हणतोय. ते नको."

"आणि आई कुठाय म्हणून विचारलं तर?"

लुशियनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी अडचण दिसली. "माझी आई गेलेली आहे," तो म्हणाला. "म्हणजे कवितेत. मी सात वर्षांचा असताना. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, आई. ती तू नाहीसच. ती निव्वळ कला आहे."

 केझायाला राग आला होता, सपकन एक द्यावीशी वाटली होती, पण आठची गाडी याच पोराच्या हातात होती. घरी तो माणूस दाराकडं डोळे लावून पडला होता. तेवढ्यासाठी ती दाई झाली. धोबीण हो म्हटलं असतं तरी झाली असती.

तीन वाजता माणसं यायला लागली. बायकांचे झगे शेवाळी, गढूळ पिवळे, गंजासारखे. सगळ्याजणी नुकत्याच तापातून उठल्यासारख्या चालत होत्या, आणि तसंच चालायची तेव्हा पद्धत होती. चहा इतका पातळ की कपाचा तळ दिसत होता. केझाया ताट घेऊन फिरत होती, कारण हॅनाचे दोन हात पुरत नव्हते आणि दाईनं नुसतं बसून राहणं बरं दिसलं नसतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. काकडीचे पापुद्र्यासारखे सँडविच ती दुसऱ्यांच्या पुढं करत होती.

पेनहॅलिक नावाचे एक टीकाकार होते. पोट सुटलेलं, आवाज मऊ. ते शेकोटीशी उभे राहून सांगत होते, "सुंदर वस्तूला तुझा उपयोग काय असं विचारणं म्हणजे पाहुण्याला तू किती खातोस असं विचारणं. चांगलं-वाईट, खरं-खोटं, हे सगळं मुनिमांचं काम. आपण फक्त बघायचं, की जमलंय का."

"आणि दुःख?" एका मुलीनं विचारलं.

"दुःखसुद्धा जमावं लागतं. बहुतेकांचं फार भोंगळ असतं हो. नाक लाल, रुमाल ओला."

सगळे हळूच हसले. केझायाला वाटलं, या माणसाला एकदा ब्रॅकनशॉला न्यावं आणि कढईवर झुकवून उभं करावं, मग विचारावं, जमलंय का.

लेडी व्हेनिशिया उशिरा आल्या. साठीच्या, उंच, गळ्यात पोवळ्यांची माळ. खुर्चीत बसल्यावर त्यांनी केझायाला जवळ बोलावलं आणि चष्म्याच्या काचेतून तिच्याकडं बघितलं.

"ऑर्मे, हे ध्यान कुठून पैदा केलंत? किती छान."

"माझी दाई, लेडी व्हेनिशिया. उत्तरेतली. आज अचानक भेटायला आली."

"म्हणजे हिनं तुमच्या आईला पाहिलंय." बाईंनी केझायाचा हातमोजा धरला. "सांग ना गं. कशी दिसायची ती? शेवटी कशी दिसत होती?"

सगळ्यांनी माना वळवल्या. लुशियन शेकोटीशी उभा होता. केझायानं त्याच्याकडं बघितलं. एका वाक्यात त्याचे सगळे गुरुवार मातीत घालता आले असते. तसं केलं तर तो आठच्या गाडीत बसणार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"दिसायला काही खास नव्हती, बाईसाहेब," ती म्हणाली. "पण पोरावर जीव होता तिचा. दोन वर्षं अंगावर पाजलं त्याला."

"अगदी मातीचं बोलणं," लेडी व्हेनिशिया कौतुकानं म्हणाल्या आणि हात सोडला. "वाचा आता, ऑर्मे."

तो कागद घेऊन उभा राहतोय तेवढ्यात हॅना तबक घेऊन आली. तबकात तार होती. "उत्तराचे पैसे भरलेत, साहेब," ती हळूच म्हणाली. "तारवाला खाली थांबलाय."

लुशियननं तार उघडली. वाचली. केझाया दाराशी ताट घेऊन उभी होती, तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीच हललं नाही. त्यानं टेबलाशी बसून कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलनं सावकाश लिहिलं, एक शब्द खोडून दुसरा घातला, आणि कागद हॅनाला दिला.

केझाया ताट ठेवून जवळ गेली. "घरून आहे का रे?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"छापखान्याची आहे. कागदाबद्दल." त्यानं घडी केलेली तार खिशात टाकली. "दाई, जरा खिडकीचा पडदा ओढ. उजेड फार कोरडा पडतोय."

तिनं पडदा ओढला.

मग त्यानं कविता वाचली. कवितेत आई संध्याकाळी मरत होती. उशाशी पांढरी अफूची फुलं होती, खोलीत जुन्या हस्तिदंताच्या रंगाचा उजेड होता, आणि मरणाऱ्या बाईला खोकला नव्हता, घाम नव्हता, घाण नव्हती. ती फक्त फिकी होत गेली. केझाया आपलंच मरण ऐकत उभी होती. शब्द अर्धे कळत होते, अर्धे नाही. पण पोराचा आवाज मध्येच अडकला, खरा अडकला, हे तिला कळलं, कारण पाच वर्षांचा असताना कुत्रं मेलं तेव्हा तो असाच अडकला होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. तिचा सगळा राग तिथंच विरघळला. तिला वाटलं, बापाच्या आठवणीनं गलबलून आलंय त्याला. आत आहे अजून माझा जेब. आता गाडीत बसला की सगळं ठीक होईल.

"इतकं छान तुम्ही कधीच वाचलं नव्हतं," लेडी व्हेनिशिया म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण नाक लाल नव्हतं. "आजच्या आवाजात काहीतरी ताजं होतं. छापू या. दोनशे प्रती."

"ताजं, हाच शब्द," पेनहॅलिक म्हणाले.

शेवटचा पाहुणा गेला तेव्हा पावणेसात झाले होते. केझायानं लगबगीनं राखाडी झगा उतरवला, आपला चढवला, बोनेट बांधलं आणि खाली आली. लुशियन कोचावर आडवा पडला होता. बॅग भरलेली नव्हती.

"जेब, ऊठ. गाडी चुकेल."

"मी येत नाही, आई."

तिला वाटलं चेष्टा करतोय. लहानपणी चर्चला निघताना असंच करायचा.

"आधी ऐक," तो म्हणाला. आवाज गोड होता, थकलेला होता. "ते घर मला दिसतं. घोड्याच्या केसांचा सोफा, काचेखालची मेणाची फळं, आत्या टॅबिथा रडतेय, बादली, तो वास. मी तिथं उभा राहिलो तर मला फक्त किळस येईल, आणि बाबांबद्दल किळस ही शेवटची गोष्ट माझ्याकडे उरावी असं मला वाटत नाही. मी आज त्यांच्यासाठी रडलो. तू पाहिलंस. याहून जास्त खरं रडू मला तिथं येणार नाही."

"त्याला काय घालायचंय तुझं रडू?" केझायाचा आवाज चढला. "त्याला तू पाहिजेस. दारात उभा राहा, तोंड दाखव, त्याचं एक वाक्य ऐक आणि नाक धरून परत ये. मी दिवसभर तुझी दाई झाले रे. मेलेली झाले. कशासाठी?"

त्यावर तो उठला. तिच्या दोन्ही गालांना त्यानं हात लावला. तिला पुढं कितीतरी दिवस ते हात आठवत राहिले, गार आणि लिलीच्या वासाचे.

"बाबांना माझं प्रेम सांग," तो म्हणाला. "सांग, माझाही राग नाही."

त्यानं स्वतः घोडागाडी बोलावली, तिच्या पायावर शाल नीट घातली. गाडी वळली तेव्हा तो फुटपाथवरून हात हलवत होता. केझाया रात्रभर मेलच्या लाकडी बाकावर ताठ बसून राहिली आणि नवऱ्याला सांगायचं खोटं मनात घोळवत राहिली. जेबला ताप आहे, डॉक्टरनं उठू दिलं नाही, रडत होता बिचारा. तिनं ते इतक्या वेळा घोळवलं की पहाटेपर्यंत तिचं तिलाच थोडं खरं वाटायला लागलं.

ब्रॅकनशॉला उजाडत होतं. घराचे पडदे ओढलेले होते, घरात कुणी गेलं की ओढतात तसे. ते गल्लीच्या तोंडावरूनच दिसले. दार तिच्या नणंदेनं, टॅबिथानं उघडलं, काळ्या कपड्यांत.

"कधी?" केझायानं विचारलं.

"काल दुपारी, एकच्या सुमाराला. झोपेतच गेला." टॅबिथा तिच्याकडं विचित्र नजरेनं बघत होती. "कधी म्हणून काय विचारतेस? मी लगेच तार केली. तुमचं उत्तरही आलं पाचच्या आत."

"कुठलं उत्तर?"

टॅबिथानं चौकटीवरचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. मूर्तिकार मित्र शुक्रवारी बाबांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायला येतो. गालमिश्या काढून चेहरा गुळगुळीत ठेवा. आईची इच्छा. जेबेझ.

केझायानं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्याकडं बघत राहिली.

"मला नवलच वाटलं," टॅबिथा म्हणाली. "ईनॉकच्या गालमिश्या, आणि काढायच्या? पण तुझी इच्छा म्हणून लिहिलंय, तू तिथंच, पोराजवळ. म्हटलं दुःखात माणसाला काहीतरी वाटतं. न्हावी संध्याकाळी येऊन गेला. केस चुलीत घातले. का गं? बरोबर केलं ना?"

ते उत्तर गेलं तेव्हा केझाया सँडविचचं ताट फिरवत होती. तिनं पडदा ओढला होता. तो अडकलेला आवाज, ते गालावरचं पाणी, आवाजातलं ते ताजं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. टॅबिथाला बोल लावून काय होणार होतं?

ती वर गेली आणि चादर बाजूला केली. लग्नाच्या दिवशीसुद्धा ईनॉकला गालमिश्या होत्या. कानापासून पार हनुवटी झाकेपर्यंत दाट, आधी तांबूस, मग राखाडी. चाळीस वर्षं तिनं त्याचे गाल पाहिले नव्हते. आता तिथं कधी ऊन न लागलेली पांढरी कातडी होती आणि न्हाव्याच्या वस्तऱ्यानं दोन ठिकाणी कापलं होतं. लांब गाल, अरुंद हनुवटी, मधोमध बारीकशी खळी. उशीवर जेबेझ झोपला होता. लुशियन झोपला होता, चेल्सीतला, तीस वर्षांनी म्हातारा झालेला.

खाली दारावर थाप पडली. मूर्तिकार सभ्य माणूस होता, हातात प्लास्टरची पिशवी. टोपी काढून तो खोलीत आला, पलंगाकडं बघितलं आणि मनापासून म्हणाला, "फार सुंदर चेहरा आहे, बाई. वीस मिनिटांत होईल. काही खराब होणार नाही."

"हा माझ्या नवऱ्याचा चेहरा नाही," केझाया म्हणाली. "ज्याचा आहे तो लंडनला राहतो. तो मेला की त्याच्याकडं जा."

तिच्याकडं बघून तो पिशवी उचलून निघून गेला.

खुर्ची ओढून ती पलंगाशी बसली. निरोपाचं चुंबन तरी घ्यावं म्हणून वाकली, पण ओठ त्या गालापर्यंत जाईनात. तिनं चादर परत वर ओढून तोंड झाकून टाकलं, डोळे घट्ट मिटले आणि ईनॉकला आठवायला लागली. परसातला, कढईवर वाकलेला, हसणारा, तिला हाक मारणारा. आवाज आठवला. खांदे आठवले. चेहरा मात्र दर वेळी पोराचाच येत राहिला.